शब्द कुठे तोडावा

१९ नोव्हेंबर १९७२

बन्सी बाइंडरने कापून उरलेल्या कागदांची ही वही शिवून दिली. गावाकडे आईला पत्रं लिहा म्हणाला. आईला वाचता येत नाही, आणि अकोल्याकडच्या आमच्या वाडीत पत्र वाचून दाखवणारा एकच माणूस आहे, तो ते साऱ्या वाडीला वाचून दाखवतो. तेव्हा वही मीच वापरलेली बरी.

आज लिहिण्यासारखं घडलं. छापखान्याचे मालक काकासाहेब यांनी मला आत बोलावून पेढा दिला. शेजारच्या नागापूरला कारखाने झाले, तिथल्या कामगारांना कामातून जे आजार जडतात त्यांच्यावर शहरातल्या एका डॉक्टरांनी इंग्रजी पुस्तक लिहिलं आहे. अडीचशे पानं, आणि मे उजाडायच्या आत छापून हवं. लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणाऱ्या छापखान्याला ही लॉटरीच. इंग्रजीची प्रूफं तुम्हीच बघायची सहादेवराव, असं काकासाहेब म्हणाले. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीतच गचकलो हे नोकरीला लागताना मी त्यांना सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर

इंग्रजी जुळवणारा कंपोझिटर आमच्याकडे एकच, नूरमहंमदचाचा. वय चोपन्न. त्यांना इंग्रजी वाचता येतं पण कळत नाही. म्हणजे अक्षर न् अक्षर ओळखतात, उलटं असलं तरी ओळखतात, कारण अक्षरांचे शिशाचे खिळे उलटेच असतात. अर्थ विचाराल तर हसतात. लहानपणी ते एका अमेरिकन पाद्रीबाबांच्या छापखान्यात काम शिकले. पाद्रीबाबा म्हणे शब्द म्हणून दाखवायचे आणि यांनी हनुवटीखाली हात धरून बसायचं. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके शब्दाचे तुकडे. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही की तिथेच कुठेतरी तोडायचा, आडवी रेघ द्यायची आणि उरलेला खालच्या ओळीत ढकलायचा.

आता इंग्रजी शब्द असे हनुवटीने तोडायचे म्हटल्यावर मी काय बोलणार.

२ डिसेंबर

पहिल्या गॅलीचं, म्हणजे जुळवलेल्या ओळींच्या पहिल्या लांब पट्टीचं, प्रूफ पाहिलं. एकतीस दुरुस्त्या. त्यातल्या बावीस नुसत्या तोडीच्या. मी भिंगारच्या जुन्या बाजारातून आणलेली विलायती डिक्शनरी समोर ठेवूनच बसतो. तिच्यात शब्द त्याच्या घटकांवर तोडलेला असतो. ‘नॉलेज’मध्ये आधी ‘नो’, म्हणजे जाणणे, मग उरलेलं ‘लेज’. चाचा तोडतात ‘नॉल’ आणि ‘एज’. ‘फोटोग्राफी’चं ‘फोटो’ आणि ‘ग्राफी’ हे शेंबडं पोरही सांगेल. पण चाचा तिकडे ‘फोटॉग’ करून ठेवतात.

मी त्यांना समजावलं, की शब्दाला सांधे असतात, कोंबडी कापताना जसं सांध्यावर कापतात तसं. ते म्हणाले, “मास्तर, पाद्रीबाबा म्हनायचे, जीभ जितं टेकती तितं सांदा.” मग म्हणाले, “तुमी म्हनाल तसं. तुमी शिकल्याले.”

मी तोड बदलली की त्यांना दोन ओळी उसवाव्या लागतात. वरच्या ओळीतले खिळे काढायचे, खालच्या ओळीत बसवायचे, आणि दोन्ही ओळींमधल्या फटी पुन्हा सारख्या करायच्या. दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून काढलेले खिळे ते ओठांत धरतात. चार-चार, सहा-सहा. तंबाखूचा बार भरावा तसे गालाशी सरकवून ठेवतात आणि तसेच बोलतात. मला बघवत नाही, पण जुन्या माणसांना शिकवणार कोण.

१६ डिसेंबर

दुष्काळ छापखान्यापर्यंत आला. नळ दिवसाआड, तोही तासभर. काकासाहेबांनी फर्मान काढलं की पाणी फक्त पिण्याला. जेवायच्या आधी हात धुवायचे नाहीत, रद्दी कागदाला पुसायचे. दुपारच्या जेवणानंतर प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा तोही बंद झाला. खिळ्यांची घाण गुळाने पोटात राहत नाही असं ही मंडळी मानतात. चाचा थोडे हिरमुसले. मला तर गूळ आवडतच नाही.

७ जानेवारी १९७३

चाचा तीन दिवस आले नाहीत. पोटात कळा. अंगाचं मुटकुळं करून पडून होते म्हणे. त्यांच्या बायकोने, मलिकाचाचींनी, ओवा दिला, हकीमसाहेबांनी जुलाबाचं चूर्ण दिलं, काही उपयोग नाही. रेशनवरचा मिलो, दुसरं काय. त्या लाल ज्वारीच्या भाकरीने सध्या सगळ्यांचीच पोटं बिघडली आहेत. माझंही गेल्या आठवड्यात बिघडलं होतं.

तीन दिवस काम अडलं. काकासाहेब माझ्याकडे असे बघत होते की जणू कळा मलाच येत होत्या.

२४ जानेवारी

चाचा आले पण चेहरा फिकट, मातकट. दुपारी हसले तेव्हा हिरड्यांच्या काठाने निळसर काळी रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. मी म्हटलं, चाचा मिश्री सोडा आता. ते म्हणाले की जन्मात कधी मिश्री लावली नाही. मला काही ते पटलं नाही. शिवाय तोंडाला कायम एक गोडूस, धातूची चव असते म्हणाले, भाकरीलाही तीच आणि पाण्यालाही तीच.

आज सतरा तोडी बदलल्या. कमी होताहेत. माझं ते ऐकू लागले आहेत.

१२ फेब्रुवारी

नववं प्रकरण. आजवरचं सगळ्यांत अवघड. मथळाच असा की डिक्शनरीत शोधावा लागला, ‘प्लंबिझम’. मधून तोडायची वेळ आली तर कुठे तोडायचं तेवढं पाहून घेतलं. आत तर एकेक शब्द हातभर लांब. ‘एन्सेफॅलोपॅथी’ मी ‘एन्सेफॅलो’ आणि ‘पॅथी’ असा केला, चाचांनी तो भलतीकडेच मोडला होता. एकूण बेचाळीस दुरुस्त्या. हा उच्चांक.

माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, कधी कुणाला शिकवायची झाली तर. मी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी फट पाडली आहे. ती प्रुफावर ठेवायची आणि शेवटच्या ओळीपासून वर सरकत वाचायचं, खालून वर. म्हणजे मजकूर डोक्यात शिरत नाही. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते. लहान शब्दांवर मी वेळ घालवत नाही, ते तोडावे लागत नाहीत. माझ्या हातून गेलेल्या पानात चूक सापडली तर मिशी उतरवीन असं मी बन्सीला सांगितलं आहे.

चाचा बेचाळीस खुणा बघून ओळी उसवायला लागले. संध्याकाळपर्यंत तोंडात खिळे धरून उभे होते.

२० फेब्रुवारी

मलिकाचाची डबा द्यायला आल्या होत्या. नेहमी दारातून देऊन जातात, आज मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, “भाऊ, मालकाला सांगून ह्यांना महिनाभर घरी बसवा. माझं आयकत न्हाईत. रातभर हात चोळीत बसत्यात.”

मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, पुस्तक होऊ द्या. इंग्रजी पुस्तक तीस वर्षांनी हाताला लागलंय, आता सोडलं तर पुन्हा लागायचं नाही. मी आग्रह केला नाही. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते घरी बसले असते तर पुस्तक दुसऱ्या छापखान्यात गेलं असतं आणि मी पुन्हा लग्नपत्रिकांवर.

१४ मार्च

चाचांच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय. मनगटापासून पंजा खाली लोंबतो, वर उचलत नाही. दुखत नाही म्हणतात. डाव्या हाताने उजवा हात उचलून खिळ्यांच्या घरावर नेतात, दोन बोटांनी खिळा चिमटतात, पुन्हा हात उचलून आणतात. आज जुळवलेली अख्खी पट्टी हातातून सुटली आणि अकरा ओळी जमिनीवर. ते खाली बसून एकेक खिळा वेचत होते. मी पण वेचायला बसलो, पण मनात चिडलो होतो.

२८ मार्च

आज काकासाहेबांनी विचारलं, चुका का वाढल्या. मी खरं ते सांगितलं. पूर्वी गॅलीला नऊ-दहा अक्षरं चुकायची, आता तीस-पस्तीस. तोडीच्या वेगळ्या. काकासाहेब म्हणाले, पुण्याहून एक पोऱ्या मिळतोय, इंग्रजी जुळवणारा. पुस्तक संपलं की बघू. बाहेर आलो तर चाचा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, आज बाराव्या प्रकरणात एकही तोड चुकली नसेल बघा. त्यांना आतलं काही ऐकू गेलं नव्हतं. मला जेवण गेलं नाही.

पण खोटं सांगायला हवं होतं का? मला प्रूफं तपासायचा पगार मिळतो.

११ एप्रिल

हे लिहू की नको असा विचार दोन दिवस चालला होता. कॉलेजच्या लायब्ररीत एका ओळखीच्या माणसाबरोबर गेलो होतो. तिथे अमेरिकन डिक्शनरी होती. सहज चाळली. तिच्यात ‘नॉलेज’ तोडलाय ‘नॉल’वर. ‘फोटोग्राफी’ ‘फोटॉग’वर. मी पंधरा-वीस शब्द पाहिले, सगळे चाचांसारखे. अमेरिकेत शब्द उच्चारावर तोडतात, विलायतेत घटकांवर. दोन्ही बरोबर, पुस्तकभर एकच रीत पाळली की झालं.

म्हणजे नोव्हेंबरपासून मी ज्या शेकडो तोडी बदलून घेतल्या त्या बदलायची गरज नव्हती. चाचांना सांगायला गेलो. ते डाव्या हाताने उजवा हात उचलत होते. पुस्तक संपल्यावर सांगेन असं ठरवून परत आलो. आता मध्येच रीत बदलता येणार नाही हे कारण आहे. दुसरं कारण मलाही ठाऊक आहे.

३० एप्रिल

शेवटचं पान चाचांनी डाव्या हाताने जुळवलं. सव्वादोन दिवस लागले. मी एकही खूण केली नाही. दोन अक्षरं चुकली होती, ती त्यांचं लक्ष नसताना मीच चिमट्याने बदलली. पहिल्यांदाच खिळे हाताळले. दोन्ही हात गुंतले तेव्हा कळलं की काढलेला खिळा ठेवायचा कुठे हा खरंच प्रश्न असतो.

४ मे

काकासाहेबांनी चाचांना टोपी-उपरणं दिलं, चार शब्द चांगले बोलले, आणि आता आराम करा म्हणाले. पुण्याचा माणूस सोमवारपासून. चाचांनी खिळ्यांच्या लाकडी घराला हात लावून तो डोळ्यांना लावला. डावा हात. मी त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत चालत गेलो. त्या डिक्शनरीचं सांगायचं होतं, पण ते सगळ्या रस्ताभर पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणी कशी करतील याबद्दलच बोलत होते.

१७ जून

पुस्तकं बांधून आली. निळा कापडी पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. बन्सीने झकास काम केलंय. एक प्रत मी खोलीवर आणली. आज रविवार. चहा करून, पाय पसरून, पहिल्यांदाच ते पुस्तक वरून खाली वाचायला बसलो. पहिल्या पानापासून, माणसं वाचतात तसं.

नवव्या प्रकरणाला आलो. प्लंबिझम म्हणजे शिशाची विषबाधा.

पहिलं लक्षण फिकट चेहरा. मग पोटात कळा, ज्यांना जुलाबाच्या औषधाने उतार पडत नाही. तोंडात गोडसर धातूची चव. हिरड्यांच्या कडेला निळी रेघ. मग मनगट लुळं पडतं, ज्या हाताने जास्त काम होतं तो आधी. वेदना नसते. पुढे लिहिलंय की रंगारी, बॅटरी कारखान्यातले कामगार आणि छापखान्यातले कंपोझिटर यांत हा आजार आढळतो. हात न धुता जेवणं, खिळे तोंडात धरणं ही कारणं. आणि शेवटी, रोग्याला शिशापासून वेळीच दूर केलं तर हात बहुधा पूर्ववत होतो.

खाली पानाचा आकडा आहे, एकशे बत्तीस. हे प्रकरण माझ्याकडे बारा फेब्रुवारीला आलं होतं. मी त्यात बेचाळीस खुणा केल्या.

चहा तसाच राहिला.

१८ जून

आज छापखान्यात गेलो नाही. कळवलंही नाही. वहीची मागची पानं काढून बघितली. पोटाचं मी लिहिलंय. हिरडीचं लिहिलंय. चवीचं लिहिलंय. डॉक्टरांनी जी लक्षणं दिली तीच, जवळजवळ त्याच शब्दांत. मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, आणि खाली तोडींचा आकडा.

मला माझी लाज वाटते. एवढंच लिहिता येतंय.

२१ जून

चाचांना टांग्यात घालून डॉक्टरसाहेबांकडे नेलं. पुस्तक लिहिणारे तेच. चाचांना वाटलं मी त्यांना लेखकाची भेट घडवतोय. नवीन सदरा घातला होता. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, हात पाहिला, पंजा वर उचलायला सांगितला. तो हलला नाही. मग चाचा पडद्याआड सदऱ्याची बटणं लावत होते, एका हाताने, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात डॉक्टर मला हळू आवाजात म्हणाले की फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलं असतं तर नव्वद टक्के भरवसा होता. आता हात परत येईल असं दिसत नाही. जिवाला धोका नाही, पण छापखान्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

मग म्हणाले, प्रूफं तुम्हीच पाहिलीत ना, एवढ्या पुस्तकात एक चूक सापडली नाही मला, अभिनंदन. त्यांनी हात पुढे केला. मी तो घेतला.

परतताना टांगा सोडून आम्ही थोडे चाललो. मी चाचांना सगळं सांगितलं. पान एकशे बत्तीस, खिळे, पाणी, बारा फेब्रुवारी, अमेरिकन डिक्शनरी, काकासाहेबांना काय सांगितलं ते. काही ठेवलं नाही. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

मग म्हणाले, “ते पान म्या बी जुळवलंच की मास्तर. अक्षर न् अक्षर ह्या हातानं.”

मी म्हटलं, तुम्हाला अर्थ कळत नव्हता चाचा, मला कळत होता. मला वाटतं त्यांना राग आला होता, आणि तो करायचा कसा हे त्यांना येत नव्हतं. उठताना मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. थोडं पुढे गेल्यावर थांबून म्हणाले, “घरी बोलू नका ह्यातलं. तिनं तवाच म्हन्लं हुतं घरी बसा. आता कळलं तर म्हनंल, म्याच हात धरून बसवायला पायजे हुतं. जल्मभर तेच घेऊन बसंल.”

मी कबूल केलं.

घरी पोचलो तर चाचींनी जेवायला थांबवून घेतलं. डाळ आणि भाकरी. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पदराने पुसलं, पानं उलटली. त्यांना अक्षरओळख नाही. “ह्येच का ते,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, तुमाला इंग्रजी कळतं. येवढं आजारांचं पुस्तक. ह्यात असल्या हाताचं काय लिवलंय का?”

चाचा भिंतीकडे बघत होते. मी म्हणालो, नाही चाची, ह्यात फक्त कारखान्यातल्या लोकांचं आहे.

“मंग बरा हुईल,” त्या म्हणाल्या. “वंगाळ असतं तर लिवलंच असतं डाक्टरनी.”

त्यांनी पुस्तक नीट कोनाड्यात ठेवलं. भाकरी डाळीत कुस्करली आणि पहिला घास चाचांना भरवला. मग माझ्यापुढे ताट सरकवून म्हणाल्या, जेवा भाऊ, गार होतंय. मी जेवलो.